वर आणलं की काच

इत्सुओ काजिवारानं आयुष्यभर आईला एकच सबब सांगितली: यंत्रावर दाब चढलाय, निघता येत नाही. सबब खोटी नव्हती. जमिनीखाली शेकडो किलोमीटरवर असतो तसला दाब आणि तसली धग तो मात्सुयामा शहरातल्या प्रयोगशाळेत चिमूटभर भुकटीला देत असे. दाब उतरवायचा तोही बेताबेतानं. घाई केली की भुकटी दाबून धरणारे आतले ठोकळे बंदुकीच्या गोळीसारखे उडत. पण खरी सबब सोयीची नसते असं थोडंच आहे? आईचं बेट बोटीनं तासाभरावर, तरी वडिलांच्या श्राद्धालाही त्यानं फोनवर हेच ऐकवलं.

मार्चअखेर तो निवृत्त होणार होता. लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी बोलायला माणूस नाही, हे त्याला फार उशिरा बोचायला लागलं. आईजवळ राहायला येऊ का, एवढंच विचारायचं होतं. पण तेवढंच जिभेवर येईना. म्हणून हातात काहीतरी असावं, या विचारानं त्यानं यंत्रातून निघालेला एक कण कागदात बांधून बेटावर नेला.

त्याची आई योशिए अंगणात संत्री निवडत बसली होती. नव्वदी गाठली तरी नजर शाबूत. तिनं कण तळहातावर घेतला.

"यापायी तू येत नव्हतास?"

"हे ते नव्हे, आई. जमिनीच्या पोटातल्यासारख्या दाबाखाली त्याचा स्फटिक असतो. दाब उतरला की काच होते. खरा स्फटिक मी फक्त क्ष-किरणांनी पडद्यावर उमटवलेल्या रेघांत पाहिलाय."

"मग वर कशाला आणतोस बिचाऱ्याला?"

तो हसला, तीही हसली. त्या हसण्याच्या भरात त्याला धीर आला.

"आई, मी इथे राहायला येऊ?"

म्हातारीनं कण मुठीत धरला. मग तिनं सावकाश सांगितलं: घर आणि बाग तिनं गेल्या हिवाळ्यातच शेजारच्या निनोमियांच्या नावे केली होती. तेच संत्र्यांच्या पेट्या वाहत, तेच तिला दवाखान्यात नेत. मरेपर्यंत मागची खोली तेवढी तिची.

"इथे राहायला येतोस का, असं दरवर्षी तुला विचारत होते रे. मग तुला तिकडेच बरं वाटतं, असं धरून चालले."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर समजूत तरी घालता आली असती. इत्सुओला उगीचच संत्री निवडावीशी वाटली, पण चांगलं कुठलं आणि डागाळलेलं कुठलं हे त्याला कळेना.

तिनं कण त्याच्या हातावर ठेवून बोटं मिटवली.

"जेवून जा," ती म्हणाली. "शेवटची बोट हल्ली लवकर सुटते."