वरचा फोल्डर

"साहेब, तुम्ही खोटं बोललात. सगळ्या विभागासमोर, चहाचा कप हातात धरून, डोळ्यांत डोळे घालून खोटं बोललात."

हे ताईने अजून तोंडावर म्हटलं नव्हतं. जिभेवर आलेलं गिळून ती जागेवर येऊन बसली होती. दवाखान्याच्या वेबसाइटवरून तक्रारीचा फोन नंबर गायब झाला होता आणि साहेबांनी सकाळीच बोट दाखवलं होतं. "पान ताईंनी केलंय, चूकही ताईंचीच. संध्याकाळपर्यंत राजीनामा द्या."

पण तिने त्या पानाची आपली फाइल उघडली, तर नंबर ठसठशीत जागेवर! साइटवर दिसणाऱ्या पानावर मात्र नाही. तिने फाइलीत मुद्दाम मोठ्या अक्षरांत 'भोपळा' लिहिलं. पानावर भोपळा काही उगवेना. मग तिने अख्खी फाइलच तिथून हलवली. पान तरी निर्लज्जासारखं उभं.

म्हणजे ते येत होतं भलतीकडूनच. आणि कुणीतरी आणत होतं.

सर्व्हर सांभाळणारा, सगळे ज्याला 'दाढी' म्हणत तो, शेजारीच बसायचा. तिने खुर्ची वळवली.

"दाढी, इकडे बघ. कुठे काय लावून ठेवलंयस?"

"माझ्यावर कशाला डोळे वटारतेस, ताई?"

"मग घाम का फुटलाय?"

त्याने गुपचूप सेटिंग उघडून दाखवली. पान मागितलं की साइट यादीतले फोल्डर वरून खाली धुंडाळते. त्या नावाची फाइल आधी जिथे सापडेल तीच उचलते, पुढे ढुंकूनही बघत नाही. तिच्या फोल्डरच्या वर एक नवाच येऊन बसला होता, 'खास' नावाचा. आत तिच्याच पानाची नक्कल, नावही तेच. फक्त नंबर छाटलेला.

"साहेबच म्हणाले, नव्या रंगांची चाचणी आहे, वर लाव. आत काय आहे ते मी बघितलं नाही गं. आईशप्पथ!"

"आणि सकाळी मला झापत होते तेव्हा? मिठाची गुळणी धरली होतीस?"

दाढीने नक्कल उघडून तिच्यासमोर धरली.

नकलेत रंग एकही बदललेला नव्हता. तिने आपली फाइल परत जागेवर ठेवली, लॅपटॉप उघडाच उचलला आणि दार न वाजवता केबिनमध्ये शिरली. साहेब फोनवर कुणाला तरी हसत सांगत होते, "तक्रारी? छे हो! हल्ली एकही येत नाही."

तिने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात आदळला.

"फोन ठेवा, साहेब. राजीनाम्याचं नंतर बघू. हा फोल्डर माझ्या डोक्यावर का बसवलात? कुणाची तक्रार दाबायची होती? बोला!"