अंधारखोलीतले लाल दिवे

बेलापुरात पोस्टाकडून बाजारतळाकडे जाताना डाव्या हाताला बन्सी साळवे यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधल्या खोलीत रंगवलेला पडदा आणि त्यामागे आठ बाय सहाची डार्करूम. रंगीत रोल ते श्रीरामपूरच्या लॅबला पाठवत. काळेपांढरे फोटो मात्र सत्तावीस वर्षं स्वतःच धूत आले होते. शाळेचे फॉर्म, रेशनकार्ड, नोकरीचे अर्ज, सगळ्याला असा फोटो चालायचा, आणि दुसऱ्या दिवशी मिळायचा.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांना लकव्याचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पायही महिनाभरात सुधारला, पण डाव्या हातात जोर उरला नाही. दिवाळीनंतर त्यांनी दुकान उघडलं. काउंटरवर त्यांची बायको भागिरथीबाई बसू लागल्या. डार्करूममध्ये मात्र बन्सीआप्पांनी कुणाला येऊ दिलं नाही.

तिथे त्यांची एक जुनी शिस्त होती. उजवा हात पाण्याचा, डावा कोरडा. उजव्या हाताने कागद चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमधून पाण्यात, पाण्यातून ते पक्कं करणाऱ्या हायपोत सरकवायचा आणि डाव्या हाताने भिंतीवरचं लाल बल्बचं बटण दाबायचं. आता दोन्ही कामं उजव्याच हाताला आली. डिसेंबरात एका दुपारी ओल्या बोटांनी त्यांनी बटणाला हात लावला आणि विजेच्या झटक्याने मागच्या स्टुलावर आदळले. पाण्याचा ट्रे सांडला. भागिरथीबाई धावत आत गेल्या तेव्हा ते जमिनीवर बसून उजवा हात उघडून मिटून बघत होते. हात हलत होता.

त्यांची मुलगी माधुरी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नगरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. आईने फोनवर सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की आप्पांना नक्की किती उजेड लागतो. पुढच्या रविवारी ती घरी न येता पुण्याला गेली. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून माणसाची हालचाल ओळखणारा एक सेन्सर, बेचाळीस लाल एलईडी आणि छोटा ट्रान्सफॉर्मर घेऊन आली. आठवडाभर खोलीवर बसून तिने सगळं एका पट्टीवर सोल्डर केलं. चार जानेवारीला ते खोकं मांडीवर घेऊन ती एसटीने बेलापूरला आली.

तिचं म्हणणं सरळ होतं. सेन्सर छताला लावायचा. माणूस आत हलला की दिवे लागतील, हालचाल थांबली की अर्ध्या मिनिटात विझतील. बटणाला हात लावायची गरजच नाही, आणि दिव्यांत बारा व्होल्टच असल्याने ओल्या हाताने धरले तरी शॉक बसणार नाही.

आप्पांना ते पटलं नाही.

“आपलं आपण लागनारा दिवा मला नको,” ते म्हणाले. “दिव्यानं माझं ऐकलं पायजे.”

“तुमचंच ऐकणार आहे, आप्पा. फक्त बोटाऐवजी अंगाचं ऐकेल.”

वाद तिथेच राहिला, कारण भागिरथीबाईंनी स्टूल आणून माधुरीसमोर ठेवलं आणि जुना बल्ब काढायला सांगितला.

आप्पांची खरी भीती कागदाची होती. लाल उजेडात फोटोचा कागद काळा पडत नाही, पण तो लाल अगदी निखळ असावा लागतो. त्यांनी स्वतःच परीक्षा घेतली. कोऱ्या कागदावर एक रुपयाचं नाणं ठेवलं, पाच मिनिटं दिव्यांखाली राहू दिलं आणि कागद डेव्हलपरमध्ये टाकला. नाण्याचा गोल अगदी पुसट उमटला. आप्पांनी तो कागद मुलीपुढे धरला. माधुरीने बारा दिवे काढून टाकले आणि पट्टी भिंतीकडे वळवली, म्हणजे उजेड थेट न पडता भिंतीवरून येईल. दुसऱ्या कागदावर काहीच उमटलं नाही. तिसराही कोराच निघाला. तेव्हा आप्पा म्हणाले की राहू दे काही दिवस.

पुढचे तीन आठवडे ते त्याच उजेडात काम करत होते; नवा रोल धुवायचा नव्हता, आधी धुतलेल्या रोलवरून प्रती काढायच्या होत्या. अडचण एकच आली. डेव्हलपरमध्ये चेहरा उमटताना फोटोवाला नजर खिळवून उभा राहतो, आणि तसा उभा राहिला की दिवे विझत. मग आप्पा मान हलवायला शिकले. काउंटरवर बसलेल्या भागिरथीबाईंना आतून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं, की आता फोटो धुवायला मुंडी हलवावी लागते. पण बटणाकडे हात जाणं थांबलं.

त्याच महिन्यात शाळेचं काम आलं. दहावीच्या फॉर्मसाठी छत्तीस मुलांचे फोटो काढायचे होते. अठ्ठावीस मुलं हजर होती, त्यांचे त्यांनी शाळेत जाऊन काढले. आठ राहिली, म्हणून रोल कॅमेऱ्यातच ठेवला.

बाजाराच्या दिवशी एक ऊसतोड जोडपं स्टुडिओत आलं. श्रीमंत आणि कडूबाई, पाथर्डीकडचं. कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीतून चालत आले होते. श्रीमंतने नवा फेटा बांधला होता आणि त्याला बायकोबरोबर फोटो हवा होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. त्याचा एकट्याचाही नव्हता. कडूबाईला उभं राहायला लाज वाटत होती. पदर सारखा करण्यातच तिचा वेळ जात होता. आप्पांनी कॅमेरा आडवा केला आणि मग दोघं पायापासून डोक्यापर्यंत यावीत म्हणून पुन्हा उभा केला. शाळेच्या मुलांनंतरचा एकोणतिसावा फोटो त्यांचा. पुढच्या बाजाराला घेऊन जा, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेला उसाची गाडी कलंडली आणि श्रीमंत तिच्याखाली सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. पुढच्या बाजाराला कडूबाईऐवजी टोळीचा मुकादम कल्याण आला. त्याने सांगितलं की बाई गावाकडं गेली आहे, दहावा झाला की परत येईल, तोवर तो फोटो जपून ठेवा, कारण त्या माणसाचं दुसरं काहीच कागदावर नाही. आप्पांनी मान डोलावली. रोल अजून कॅमेऱ्यातच होता.

उरलेल्या आठ मुलांचे फोटो चोवीस तारखेला झाले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी, म्हणून माधुरी घरी आली होती. सकाळी साडेदहाला आप्पा रोल धुवायला आत गेले. दिवे बदलल्यानंतरचा तो पहिला रोल.

कागदाला लाल उजेड चालतो. रोलला कुठलाच चालत नाही. तो डबीतून काढून धुण्याच्या बंद टाकीत भरेपर्यंत काळाकुट्ट अंधार लागतो. सत्तावीस वर्षं त्यासाठी आप्पांना वेगळं काही करावं लागलं नव्हतं. बटण दाबायचं नाही, एवढंच. त्या दिवशी दार लावून ते स्टुलावर निवांत बसले. दिवे विझले. त्यांनी मांडीत धरून डबीचं झाकण उचकटलं, रोल बाहेर घेतला आणि टाकी घ्यायला वळले. खोली लाल झाली.

रोल हातात उघडा होता. डाव्या हाताने झाकावं म्हटलं तर तो वेळेवर उठला नाही. शेवटी त्यांनी रोल शर्टात कोंबला आणि वरून ओणवे झाले. हाक मारली ती बायकोला नाही, मुलीला. मेनस्विच बंद कर म्हणाले. आवाज शांत होता.

माधुरीने घराची वीज बंद केली. मग दाराबाहेरून विचारलं की काय झालं. आप्पांनी आतूनच सांगितलं. दिवे बंद करायचं बटण तिने मुद्दामच ठेवलं नव्हतं. बटणच नको, याच हट्टाने तिने ते सगळं बनवलं होतं. कागदाबद्दल तिने दहा प्रश्न विचारले होते, रोलबद्दल एकही नाही. आप्पांनीही सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

“टाकून देऊ का?” आतून आवाज आला.

“नको. तसाच धुवा,” ती म्हणाली. “गुंडाळी घट्ट होती ना? आतल्या वेढ्यांपर्यंत उजेड पोचला नसेल.”

आप्पांनी अंधारात, एका हाताने आणि दातांनी, रोल टाकीत भरला. नेहमी तीन मिनिटं लागायची, त्या दिवशी वीस लागली. धुऊन झाल्यावर दोघांनी तो खिडकीत धरला. बाहेरच्या वेढ्यांतले फोटो काळे ठिक्कर होते. पहिली चोवीस मुलं गेली. पंचविसाव्यापासून काळं एका कडेकडे सरकत गेलं होतं, त्यामुळे पुढच्या चौघांचे चेहरे छापता येण्याजोगे होते. शेवटच्या आठ मुलांना फारसा धक्का नव्हता. एकोणतिसाव्यात अर्धा भाग काळा होता आणि अर्ध्यात फेटा दिसत होता.

दुपारभर बापलेक डार्करूममध्ये होते. काम चालू असताना माधुरीला त्यांनी पहिल्यांदाच आत घेतलं. तिने दिव्यांच्या वायरीत एक बटण बसवलं, दोरीने ओढायचं, कोरडं. मग निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरचं काम तिच्याकडे आलं आणि आप्पा सांगत राहिले, कडक नंबरचा कागद घे, चेहऱ्यावर हात धर, बाकीच्या भागाला अजून उजेड दे. सहा कागद वाया गेले. सातव्यावर श्रीमंत नीट आला. फेटा, मिशी, कॅमेऱ्याकडे रोखलेले डोळे. रोलवर जिथे काळं होतं तिथे, त्याच्या डावीकडे, मात्र पांढरं धुकं होतं, आणि त्या धुक्यात कडूबाईचा पदर धरलेला हात तेवढा दिसत होता.

संध्याकाळी आप्पा म्हणाले की कडूबाईला सांगू, रोलच खराब निघाला. माधुरी नाही म्हणाली. भागिरथीबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं की मग सांगणार कोण.

सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत झेंडावंदनाला गेले. चोवीस मुलांचे फोटो परत काढावे लागतील हे हेडमास्तरांना सांगायचं होतंच. पण झेंडावंदन आठला संपतं आणि ते अकरापर्यंत आले नाहीत. दहावा झाला होता, बाई कधीही येणार होती, आणि तिला तोंड द्यायचं ते टाळत होते, हे माधुरीने ओळखलं. त्याआधीच, दहाच्या सुमाराला, कडूबाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. फोटोवाले दादा कुठं हायेत, एवढंच तिने विचारलं.

माधुरीने तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. आपण नवे दिवे बसवले, ते आपोआप लागतात, त्यांच्या उजेडाने रोल खराब झाला. वडिलांची चूक नाही हेही सांगितलं. मग फोटो काउंटरवर ठेवला.

कडूबाईने तो लगेच हातात घेतला नाही. बसल्या जागेवरून वाकून बघितला. फेट्यावर, मग तोंडावर बोट ठेवलं. पांढऱ्या भागाकडे तिची नजर फार वेळ गेली नाही.

“मावशी, तुमची बाजू गेली,” माधुरी म्हणाली. “तुमचा एकटीचा दुसरा काढून देते. आत्ता.”

“मी हाय की अजून. मला काय करायचा माझा फोटू.” मग थोड्या वेळाने तिने विचारलं, “ह्यो हात माझा हाय ना?”

“हो, तुमचाच.”

“मंग झालं.”

तिने दिव्यांबद्दल विचारलं. आपोआप लागतात म्हणजे कसे? माधुरीला वाटलं की ती विषय बदलते आहे, पण तिला खरंच बघायचं होतं. माधुरीने तिला डार्करूममध्ये नेलं आणि दोरी ओढून सेन्सर चालू केला. दिवे लागले. कडूबाई मधोमध उभी राहिली. हलू नका म्हटल्यावर हलली नाही. दिवे विझले तरी ती तशीच उभी होती. अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती रडली, फार मोठ्याने नाही, आणि तिच्या खांद्यांच्या हालचालीने दिवे लागले. माधुरी दाराशी उभी होती. तिने हात पुढे करून दोरी ओढली आणि खोली अंधारी केली. बाई सावरेपर्यंत दोघी तशाच होत्या.

बाहेर आल्यावर कडूबाईने फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. जाताना तिने सांगितलं की टोळी एप्रिलपर्यंत इथेच आहे, तिला ऊसतोडीला दुसरी जोडीदारीण मिळाली आहे आणि उद्यापासून ती उसाच्या फडात जाणार आहे.

आप्पा आले तेव्हा ती गेली होती. बाईने काय म्हटलं, हे त्यांनी दोनदा विचारलं. माधुरीने जे झालं ते सांगितलं, डार्करूममधलं सोडून. ते ऐकून ते काउंटरमागे बसले आणि शाळेचं ठरलं म्हणाले, चोवीस मुलं गुरुवारी पुन्हा उभी करतील. हेडमास्तर रागावले नव्हते. एका मुलाने तर बरं झालं म्हटलं होतं, कारण पहिल्या फोटोत त्याचे डोळे मिटले होते.

मग त्यांनी मुलीला विचारलं की गुरुवारी रजा मिळेल का. कॅमेरा धरायला एक हात पुरतो, पण मुलांची हनुवटी सरळ करायला दुसरा लागतो. तिने बघते म्हटलं. दुपारच्या एसटीने ती नगरला गेली आणि बुधवारी रात्री परत आली.