एकाच ओळीत नऊ एजंट

मी सव्वीस वर्षं लासलगावच्या कांदा बाजारात लिलाव पुकारला. ट्रॅक्टरपाशी उभं राहायचं, भोवती व्यापारी जमवायचे आणि घसा बसेपर्यंत भाव ओरडायचे. निवृत्त झाल्यावर नाशिकला राहायला आलो आणि अकरा वर्षं चोरूनमारून लिहीत आलेली कादंबरी एकदाची पूर्ण केली. पानं तीनशे चौदा. माझं नाव मोतीराम. साहित्याशी माझा एवढाच संबंध.

कादंबरी छापून यावी असं वाटत होतंच, नाही म्हणालो तर खोटं होईल. पण त्याआधी, कोणीतरी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढं एकच मागणं होतं. सहादू माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला प्रत दिली, तर तीन महिन्यांनी "लय भारी लिहिलंय राव" म्हणत परत केली. खुणेचं बसचं तिकीट विसाव्या पानावरच होतं. बायको, नवसाबाई, चष्मा लावून वाचायला बसली की चौथ्या ओळीला डुलकी घेते. दिवसभर राबते बिचारी, तिला काय बोलणार? तीन प्रकाशकांनी तर साधी पोचही दिली नाही.

माझी भाची चैताली कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "मामा, आता एजंट असतात. पुस्तक आवडलं तर तेच प्रकाशक शोधतात, करार करून देतात आणि आपला वाटा घेतात."

"म्हणजे अडते!" मला एकदम धीर आला. अडत्यांना मी कधी घाबरलो नव्हतो.

चैतालीने नऊ एजंटांचे पत्ते दिले आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायला बजावलं. मी ऐकलं नाही. वडील सांगायचे, पूर्वी बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदे व्हायचे आणि मालाचा धनी बाजूला बावळटासारखा उभा असायचा. खुला लिलाव आला तेव्हा कुठे त्याला कळायला लागलं, बोली कोण लावतंय ते. आणि मी आता नऊ जणांच्या कानाला लागू? छे! एकाच मेलमध्ये नऊही जणांचे पत्ते ओळीने घातले. 'सर्व एजंट बंधू-भगिनींनो, माल सर्वांसमोर आहे' अशी सुरुवात केली, अख्खी कादंबरी जोडली आणि दिली पाठवून.

चैतालीने ते पाहून कपाळावर हात मारला. "अहो मामा, असं करत नाहीत! प्रत्येकाला वाटायला हवं, तुम्ही खास त्यालाच निवडलंय."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"थोडंसं."

"त्यांना नाय जमत खोटं बोलायला," नवसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "लिहितात तेवढंच."

पहिलं उत्तर आलं ते पुढील वाटचालीस शुभेच्छांचं. दुसऱ्याने पत्र कसं लिहावं यावर मला चांगलं फैलावर घेतलं, तेही सगळ्या नऊ जणांना दिसेल असं. एवढ्या लोकांसमोर अपमान झाला होता. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग त्याच्याच खाली, सगळ्यांना दिसेल असं, पुण्याच्या संपदा नावाच्या बाईंनी लिहिलं, 'शिष्टाचाराचं राहू द्या. मी वाचायला घेतली आहे.' तासाभरात आणखी एकाने तीन आठवड्यांची मुदत मागितली.

"बोली लागली!" मी घरातच असा ओरडलो की शेजारचे दार उघडून बघायला आले.

त्यानंतर मात्र सगळं चिडीचूप. मुदत मागणाऱ्याने महिन्याने नकार कळवला. संपदाबाईंचा पत्ताच नव्हता. मी मनाची समजूत घातली. वाचायला घेतली काय, सहादूनेही घेतली होती.

एका सकाळी नवसाबाईबरोबर मेथी निवडत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"सर, मी संपदा बोलतेय, पुण्याहून. भाषा आवडली मला. पण मधली चाळीसेक पानं कापावी लागतील."

मी "हो, हो" करत राहिलो, पण मन खट्टू झालं. कापा म्हणायला वाचावं कुठे लागतं?

"आणि सर, एक चूक आहे."

"बोला."

"एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर सगुणाच्या अंगणातला कडुनिंब वादळात उन्मळून पडतो. आणि तीनशे अकराव्या पानावर ती म्हातारी त्याच कडुनिंबाच्या सावलीत बसून मुलाची वाट बघते."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"सर, वाईट वाटलं का?"

"नाही हो ताई. कितवं पान म्हणालात?"

"तीनशे अकरा. ते वाचताना रडले मी. मग झाड आठवलं, म्हणून मागे जाऊन बघितलं. तेवढं दुरुस्त करा. करार पुढच्या आठवड्यात पाठवते."

फोन ठेवला. डोळ्यांना धार लागली होती आणि हातातली मेथी तशीच होती.

"काय झालं वो?" नवसाबाई घाबरली.

"माझी चूक सापडली."

"मग रडता काय एवढ्यासाठी?"

"अगं," मी म्हणालो, "तीनशे अकराव्या पानावर सापडली!"