अमृतप्पाच्या नावाची लाइन

आमच्या मालकाला, जगदेवप्पाला, लोक देवमाणूस म्हणतात. म्हणू द्या. माझं तोंड उघडायला लावू नका.

बिदरात केबलचा धंदा करता करता त्यांनी इंटरनेट सुरू केलं. दोन हजार नऊपर्यंत बिदरातल्याच मैलूरपासून कोळारपर्यंत घराघरात त्यांची वायर गेली होती. मी हापिसात फोन उचलायची. फोन कसला, नुसत्या शिव्या. "रूपाक्का, नेट गेलं!" "रूपाक्का, झोपलाव काय?" सगळ्यांचं नेट आतल्या खोलीतल्या एका मशीनमधून जायचं, तो राऊटर. गर्दी वाढली की त्याच्या काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं भराभरा उमटायची आन मशीन ठप्प. बटन दाबलं की उठायचं, दोन दिवस चालायचं, परत आडवं.

मशीन बघायला शरणबसव होता, गुलबर्ग्याला शिकलेला. त्यानं मेमरी बदलली, पंखा बदलला, कार्ड बदललं. काही फरक पडंना. मग मला म्हणला, "अक्का, आता पडलं की लगेच बटन दाबू नका. ती अक्षरं वाचू द्या. मशीन कामून पडलं ते त्याच्यातच असतंय." बाहेर लोक बोंबलायलेत आन हा पठ्ठ्या स्क्रीनचा फोटो काढून वाचत बसायचा. पण सापडलं त्याला. मशीन पडायच्या अगुदर दर वेळी एकच नाव लाइन जोडत होतं. अमृतप्पा.

अमृतप्पा म्हणजे मालकाचे वारलेले वडील. पोराच्या लग्नात मालकानं सगळ्या भाऊबंदांना फुकट नेटचा आहेर केला होता, तोबी एकाच नावावर, एकाच पासवर्डवर. अप्पाचं नाव घराघरात चालू दे, म्हणले. भाऊबंदांनी मेव्हण्यांना दिलं, मेव्हण्यांनी शेजाऱ्यांना. अर्धी गल्ली अमृतप्पा होऊन बसली. एक अमृतप्पा लाइन सोडायला आन त्याच टायमाला दुसरा जोडायला गेला की मशीनच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम, त्याला कर्नल म्हणतात, तो गोंधळायचा. सोडलेली जागाच परत धरायला जायचा आन कोसळायचा.

"मालक, हे नाव बंद करून एकेकाला वेगळं नाव द्या," शरणबसव म्हणला.

"वडलांचं नाव मी माझ्या हातानं बंद करू व्हय?" मालकाच्या डोळ्यात पाणी आलं. "मशीन नवं आणू. नाव राहू दे."

त्याच आठवड्यात मस्कतहून फोन आला. माझा भाऊ माउली तिथं बांधकामावर होता. परांचीवरनं पडला. डोक्याचं ऑपरेशन करायचंय, आशा कमीच हाय, असं डॉक्टर म्हणले होते. रविवारी दुपारी त्याला आत न्यायच्या आधी त्याचा उदगीरचा दोस्त व्हिडिओ कॉल लावून लॅपटॉप त्याच्यापुढं धरणार होता. आईनं एकदा लेकाला बघावं, त्यानं तिचा आवाज ऐकावा, एवढंच. मी आईला, अनसाबाईला, हापिसात आणून कम्प्युटरपुढं बसवलं. मालकानं स्वतः खुर्ची दिली.

माउली दिसला. डोक्याला पट्ट्या, डोळे मात्र उघडे. "आई," म्हणला. आईनं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात आतून शरणबसव ओरडला. राऊटर पडला होता.

मी आत पळाले. "दाब की बटन, मुडद्या!" त्यानं दाबलं. मशीन उठलं. रविवारची सुट्टी, गावभर ज्यांचं ज्यांचं नेट गेलं होतं ते सगळे एकदम जोडायला धावले, त्यात सगळे अमृतप्पा आलेच. पडलं. परत उठवलं, परत पडलं. दोस्ताला फोन लावते तर तोबी लागंना.

"काढ ते नाव!" मी म्हणले. शरणबसव मालकाकडं बघायला लागला. मालक दारात हात जोडून उभे. "रूपा, जरा दम धर, बाई. अप्पाचं नाव हाय..."

मी शरणबसवाची कॉलर धरली. "माझा भाऊ मरायलाय आन तू कुणाकडं बघायलास?"

तवा त्यानं नाव पुसलं. या बारीला मशीन उभं राहिलं. दोस्ताचा फोनबी लागला. "ताई, आत नेलं त्याला," तो रडत होता. "जाईपर्यंत इचारत होता, आई कुठं गेली, आई बोलंना कामून."

मी फोन ठेवला. भिंत धरून बाहेर आले. आई तशीच स्क्रीनपुढं बसली होती. नेट गेलं तवा चित्र जिथल्या तिथं थांबलं होतं. माउलीचा चेहरा, उघडे डोळे, आईकडंच लागलेले. तिला बिचारीला काय ठाऊक? ती बोलत सुटली होती. घसा बसला होता तिचा. मला बघून हसली.

"सगळं बोलले, बाई. लहानपणी मारलं होतं त्याची माफीबी मागितली. मधी एकदाबी बोलणं तोडलं न्हाई त्यानं. पापणीसुदिक हलवली न्हाई, इतकं मन लावून ऐकलं माझ्या लेकरानं."

"व्हय आई," मी म्हणले आन पुढं होऊन स्क्रीन बंद केली.

माउली ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. जगदेवप्पा भेटायला आले तवा आईनं त्यांचे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळं माझं लेकरू भेटलं," म्हणली. आजबी रस्त्यात दिसले की थांबवून हेच म्हणती. माझ्या अंगाची लाही लाही होती, आन मी तिच्या बाजूला गप उभी राहती.