चेष्टा ओळखायचं काम

लिहिणारच नव्हतो हे. काड्या वाचेल आणि जन्मभर चिडवेल म्हणून. मग म्हटलं, चिडवू दे. तेवढा बरा तरी होऊ दे.

काड्या म्हणजे माझा मित्र. आम्ही दोघं एकाच दुकानात मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. साधी कावीळ म्हणून दाखवायला गेला तो थेट आयसीयूत. लिव्हरने हात टेकले. दुसरं मिळेपर्यंत तग धरायचा, डॉक्टर एवढंच म्हणाले. बाहेर त्याचे काका-मामा दबक्या आवाजात विचारतात, "पीत होता का?" अहो, तो साधा सोडा पीत नाही.

सिस्टर त्याला एक गोड औषध द्यायची. त्याने सारखं पोट साफ होतं. अंगातलं विष तसंच बाहेर काढायचं, नाहीतर ते डोक्यात चढतं. मग साफसफाई पण तिनेच करायची. काड्या लाजून भिंतीकडे तोंड करायचा.

"सिस्टर, आईनेपण एवढं केलं नसेल."

"आई एकटी होती रे. आम्ही तिघी आहोत. वळ त्या कुशीवर."

विष डोक्यात चढतंय का, ते बघायला ती सारखी तेच विचारायची. हात पुढे धर. पंजे वर. नाव सांग. कुठे आहेस?

"सासरी."

"आणि हा कोण?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"सासरा. हात हलवत आलाय बघा, कंजूष."

एकदा तिने मला बाजूला घेतलं. "मला हसू येतं, पण कळत नाही हा चेष्टा करतोय की भरकटलाय. शुद्ध जायला लागली तर उलटी श्वासात जाऊ शकते. मला लगेच कळायला हवं. तुम्ही ओळखता त्याला. तुम्ही सांगायचं."

म्हणून मला आत बसू द्यायला लागली.

काम सोपं होतं. चेष्टा केली की काड्या तिरक्या डोळ्याने माझ्याकडे बघतो, मी हसलो का ते. शाळेपासूनची सवय. मी मुद्दाम हसत नाही, तो पेटतो. त्याने बघितलं की मी सिस्टरला खूण करायचो, चेष्टा आहे.

काल दुपारी तिने विचारलं, "कुठे आहेस?"

"सासरी."

सिस्टर हसली, माझ्याकडे वळली. मी काड्याकडे बघत होतो. तो छताकडे. मी थांबलो. बघ ना भावा, एकदा इकडे बघ. मला ती चेष्टाच हवी होती.

"सिस्टर, ही चेष्टा नाही."

तिचं हसू गेलं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, डॉक्टरांना हाक मारली, बोट टोचून साखर बघितली. हात पुढे धरायला लावले तर काड्याचे पंजे हवेत फडफडत होते, विष डोक्यात चढल्याची खूण. मला बाहेर काढलं. परत आत सोडलं तेव्हा त्याच्या तोंडात नळी होती, श्वास मशीनचा होता.

"वेळेत सांगितलंत," सिस्टर म्हणाली. मला काही बरं वाटलं नाही. मी सांगितलं आणि त्याचं बोलणं बंद झालं, एवढंच डोक्यात.

आज गेलो. लिव्हर अजून मिळालेलं नाही. सिस्टर ओल्या बोळ्याने त्याचे ओठ पुसत होती. "आता कूस बदलतेय हं," त्याला सांगून बदलली. मग मला म्हणाली, "बोला काहीतरी. त्याला ऐकू येतंय असंच समजायचं."

कानाशी वाकलो.

"काड्या, ऊठ. उठून पहिली जी चेष्टा करशील, ती सासरचीच असू दे, कितीही भंगार असू दे. या वेळी मी हसेन. शप्पथ."