अस्तर लावलेलं गोणपाट

तळकोंडच्या रावजी खोतांचं मन एकदा कोबीवर बसलं, आणि सगळ्या गावामागे शुक्लकाष्ठ लागलं.

आता कोबी म्हणजे काय, हे पोलादपूरच्या खालच्या अंगाला त्या काळी कुणाला ठाऊक होतं? भात, नाचणी, वरी, फार तर पडवळ. पण महाबळेश्वराहून उतरताना प्रांतसाहेब घटकाभर खोतांच्या ओटीवर टेकला आणि जाता जाता म्हणाला, "खोत, वर कोबी फार छान मिळतो. इथं नाही का होत?" बस्स! साहेब बोलून गेला नि विसरला, खोतांनी मात्र ते बोल कानात जपून ठेवले. पुढच्या खेपेला साहेबाच्या पानात तळकोंडचा कोबी पडला, की रावसाहेब ही पदवी आपोआप चालत घरी येणार, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कोबीला पाणी लागतं. खोतांची जमीन नजर ठरणार नाही एवढी, पण दिवाळी सरली की तिच्यात चिमणीची चोच भिजायची नाही. बारमाही झरा गावात एकच, आणि तो नेमका खोतांच्या घराला लागून असलेल्या रंगूबाईच्या परड्यात. परडं तरी केवढं? चार म्हशी बसल्या तर पाचवीनं उभं राहावं. पण तेवढ्याशा तुकड्यात रंगूबाई वांगी-मिरच्या काढायची, पोलादपूरच्या बाजारात विकायची, आणि कुणापुढं हात न पसरता जगायची. नवरा गेलेला, मागं-पुढं कुणी नाही. परडं गेलं तर खोतांच्या दारी भांडी घासणं, एवढीच एक वाट तिला उरत होती.

खोत आधी गोड बोलले. "रंगू, वरच्या अंगाला ह्याच्या दुप्पट तुकडा देतो गो."

"वरच्या अंगाला दगडं हायेत, दादा," रंगूबाई म्हणाली. "आनि हा झरा माज्या दादल्यानं सोताच्या हातांनी उकरला. तो नाय मी द्यायची."

खोत घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. वाढलेलं ताट तसंच परत गेलं. एवढा मिशीवाला माणूस, पण रुसला तो अगदी लाडू न मिळालेल्या पोरासारखा.

खोतीणबाई ठकूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "खोत तुमी, का ती रंगू? उठा, जेवा. वाघजाईला कौल लावा. देवीनं सांगितल्यावर कोन नाय म्हनंल?"

वाघजाईच्या देवळात कौल लावायची रीत अशी: गुरवानं फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या मूर्तीला चिकटवायच्या, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. त्यावर अपील नाही. लग्नं जमायची त्यावर, भांडणं मिटायची त्यावर, आणि गाव मुकाट ऐकायचं.

सहदेव गुरव म्हणजे साधा, भित्रा माणूस. खोतांनी त्याला देवळामागं नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उजवी पाकळी जरा कोरडीच लाव रे. देवीला उगा तरास नको."

सहदेवानं मान हलवली खरी, पण गावासमोर घाबरून त्यानं दोन्ही पाकळ्या चिंब भिजवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "हे परडं देवीचं. ते खोतानं सांभाळावं का गो आई?" डावी पडली. पुन्हा लावला. पुन्हा डावी! तेव्हा खोतांनी घसा खाकरून गावाला धर्म समजावला. "पयल्या दोन खेपांना देवीचं ध्यान नसतं. तिसरा कौल खरा." आणि त्यांनी सहदेवाकडं असं काही पाहिलं, की तिसऱ्या खेपेला उजवी पाकळी चिकटली न चिकटली तोच टपकन खाली.

"झाली आज्ञा!" खोतांनी लोटांगण घातलं. "मी काय रे बाबांनो, देवीचा चाकर. तिनं सांगितलं, मी ऐकलं."

रंगूबाई देवळाच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडली. गाव खाली मान घालून घरोघर गेलं. देवीपुढं कोण बोलणार? आणि खोतापुढं तरी कोण?

परड्याला करवंदीच्या काट्यांचं कुंपण पडलं, महाबळेश्वराहून कोबीची रोपं आली. पदवीच्या घाईनं खोत स्वतः कुंपणावर देखरेख करायला गेले, आणि एका काट्यानं त्यांची नडगी चांगली बोटभर फाडली. ती जखम काही केल्या भरेना. त्याखेरीज सगळं झकास चाललं होतं. जो भेटेल त्याला खोत सांगत, "मानसानं देवाच्या आज्ञेत ऱ्हावं. माझ्याकडं बघा."

अशात एके दुपारी घाट उतरून दानियेल मास्तर आले. हे वाईकडचे ख्रिस्ती उपदेशक, खांद्याला झोळी, झोळीत पुस्तकं, महाडच्या बाजाराला निघालेले. खोतांच्या दारात त्यांनी पाणी मागितलं. महाडच्या तळ्याची गोष्ट ताजी होती, पाण्याचं नाव काढलं तरी माणसं दचकत. खोतांनी मास्तरांना अंगणात उभं केलं आणि हातभर उंचीवरून त्यांच्या ओंजळीत धार सोडली. वर म्हणाले, "बघा, खोत असून सोताच्या हातानं पानी पाजतो. गर्व म्हनून नाय आपल्याला."

मास्तरांनी तोंड पुसलं, किंचित हसले आणि म्हणाले, "मग एका राजाची गोष्ट ऐका."

गोष्ट राजाची म्हटल्यावर खोत ओटीवर ऐसपैस बसले. राजा कुठल्या का धर्माचा असेना, राजाच. आणि खोत म्हणजे तरी काय निराळं असतं?

"अहाब नावाचा राजा होता," मास्तर सांगू लागले. "त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथं भाजीपाला लावायचा होता."

खोतांची सुपारी दाढेखालीच थांबली.

"नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचा मळा मी देणार नाही. राजा रुसला, भिंतीकडं तोंड करून निजला, जेवेना. तेव्हा राणी म्हणाली, राजा तुम्ही की तो?"

"कुनी सांगितलं तुला हे?" खोत ओरडले.

"शास्त्रात लिहिलंय. हजारो वर्षांमागची गोष्ट."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! मास्तरांना बिचाऱ्यांना तळकोंडच्या कोबीचा पत्ताही नव्हता. ते आपल्या रंगात सांगत गेले. राणीनं खोटे साक्षीदार उभे केले, देवाचं नाव पुढं केलं, नाबोथाला दगडांनी मारवलं, आणि राजा मळ्यात उतरला. तिथं देवाचा संदेष्टा एलिया दत्त म्हणून उभा! "तो म्हणाला, जिथं कुत्र्यांनी नाबोथाचं रक्त चाटलं, तिथंच ती तुझंही रक्त चाटतील."

नेमकं त्याच क्षणी नडगीला काहीतरी ओलं लागलं म्हणून खोतांनी खाली पाहिलं. त्यांचाच मोत्या कुत्रा शेपूट हलवत कुंपणाची ती जखम मनापासून चाटत होता.

खोत जे उडाले ते पार आढ्याला टेकायचेच बाकी राहिले. "हाड! हाड रे! मास्तर, मग? मेला काय तो राजा?"

"लगेच नाही. राजा घाबरला. त्यानं कपडे फाडले, अंगावर गोणपाट घातलं, उपास केला, खाली मान घालून चालू लागला. तेव्हा देव म्हणाला, हा माझ्यापुढं नम्र झाला आहे, म्हणून याच्या हयातीत मी अरिष्ट आणणार नाही."

"आनि मळा?"

"मळ्याचं पुढं काही सांगितलेलं नाही."

"म्हंजे राजाकडंच ऱ्हायला!" खोतांचा चेहरा उजळला.

"पण ऐका तर. अरिष्ट टळलं नाही, ते मुलाच्या दिवसांत..."

"मुलगा मुंबईला हाय. त्याचं तो बघंल." खोत उठलेच. मास्तर पुढं बरंच काही सांगत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. खोतांना हवं ते मिळालं होतं. परडंही ठेवायचं, कुत्रंही टळायचं, आणि खर्च काय तर एक गोणपाट!

गोणपाटाचा अंगरखा पोलादपूरच्या शिंप्याकडं शिवायला टाकला. पहिल्यांदा अंगात घालून पाहिला तर असा काही चावला म्हणता, की खोत ओटीभर नाचले. मग आतून मलमलीचं अस्तर लावून घेतलं. नम्रता काय, बाहेरून दिसल्याशी कारण.

"शोभतंय हो," ठकूबाई म्हणाल्या. "बैलाची झूल दिसतीय."

"तुला कळायचं नाय. राजे घालतात हे."

मंगळवारी सकाळी खोत नम्र व्हायला निघाले. पुढं ढोल-सनई, मागं छत्री धरलेला गडी, मध्ये गोणपाट घातलेले, अनवाणी रावजी खोत, मान खाली. पण मान खाली घातलेली लोकांना दिसते की नाही, हे बघायला ती मधून मधून वर करावी लागत होती. वाटेतले खडे आधीच वेचून ठेवले होते. मोत्याला घरी बांधून ठेवलं होतं, हे सांगायला नकोच.

देवळात गाव जमलं होतं. खोतांनी लोटांगण घातलं, उठले, आणि गहिवरून म्हणाले, "मंडळी, आज मी खोत नाय. ह्या गावात माझ्यापेक्षा ल्हान कोन नाय. आई वाघजाई जी आज्ञा करंल, ती मला शिरसावंद्य."

बायाबापड्यांचे डोळे पाणावलेसुद्धा. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "मग माजं बी एक गाऱ्हानं घाल रे, सहदेवा. परड्याचं."

रंगूबाई! दोन महिन्यांत वाळून काष्ठ झाली होती बिचारी. लोक बाजूला झाले. खोतांनी तोंड उघडलं, पण आत्ताच आपण सगळ्यांत लहान झाल्याचं त्यांना आठवलं. सगळ्यांत लहान माणसानं नाही कसं म्हणायचं? त्यांनी सहदेवाकडं तसंच, मागच्यासारखं पाहिलं.

सहदेवाला त्या खोट्या कौलापासून घास गोड लागत नव्हता. देवीला रोज हार घालताना त्याची मान वर होत नसे. आज तो खोतांकडं बघेचना. त्यानं दोन पाकळ्या नि पाण्याची वाटी उचलून सरळ रंगूबाईपुढं धरली. "तूच भिजव गो आपल्या हातानं. समद्यांना दिसू दे."

तिनं दोन्ही पाकळ्या वाटीत बुडवल्या आणि वर धरल्या. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. सहदेवानं त्या देवीला लावल्या आणि दोन पावलं मागं सरून हात जोडले. "आई, हे परडं रंगूबाईचं तिला परत द्यावं का गो?"

गाव माना उंचावून पाहत होतं. रंगूबाईचे ओठ थरथरत होते. उजवी पाकळी हळूच सुटली आणि खाली आली.

"पयल्या खेपेला देवीचं ध्यान नसतं," खोत घाईनं म्हणाले.

पुन्हा लावला. पुन्हा उजवी.

"तिसरा खरा," म्हातारा नाथू खांबाला टेकून म्हणाला. "तुमचाच शब्द हाय, खोत."

तिसऱ्यांदा रंगूबाईनं पाकळ्या भिजवल्या. खोतांच्या कपाळावरचा घाम मलमलीत झिरपत होता. डावी पाकळी हलली. खोतांनी श्वास घेतला. डावी हलून जागच्या जागी राहिली, आणि उजवी टपकन देवीच्या पायांशी पडली.

आणि मग रावजी खोतांनी हात दाखवून अवलक्षण केलं. गोणपाट विसरले, नम्रता विसरले, बोट रोखून गरजले, "लबाड! सहद्या, उजवी पाकळी कोरडी लावलीस तू!"

सगळ्या गावानं ती पाकळी तीन वेळा ठिबकताना पाहिली होती. ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला.

रंगूबाई सावकाश वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती.

"कोरडी लावली की पडते, हे तुमाला कसं ठावं, दादा?"

खोतांनी सहदेवाकडं पाहिलं. सहदेव ढसाढसा रडत देवीपुढं नाक घासत होता. त्यांनी नाथूकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं, आणि शेवटी चुकून देवीकडं पाहिलं. ते मटकन खाली बसले. बसताना गोणपाट वर सरकलं आणि आतली पांढरी मलमल सगळ्यांना दिसली. पण गंमत म्हणजे, हसलं कुणी नाही.

"तुमी म्हनलात ना, देवीचा चाकर म्हनून?" रंगूबाई म्हणाली. "मग सकाळी या. कुंपन काढाया."

रात्रभर ठकूबाई सांगत होत्या, गडी पाठवा, गडी पाठवा. पण दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला खोत एकटेच परड्यात आले. ढोल नाही, छत्री नाही, गोणपाटही नाही. साधं धोतर नेसून ते वाकले आणि करवंदीचे काटे हातांनी उपटू लागले. घरोघरच्या दारांच्या फटींतून गाव बघत होतं. एकदाही त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

रंगूबाई झऱ्यावर वांग्याच्या वाफ्याला पाणी वळवत होती. कोबीचे गड्डे तिनं उपटून म्हशीपुढं टाकले होते आणि म्हैस ते प्रांतसाहेबाच्या थाटात खात होती.

काटे ओढता ओढता खोतांची जुनी जखम पुन्हा उसवली. कुठूनसा मोत्या धावत आला, शेपूट हलवली आणि नडगी चाटू लागला. खोतांनी हात उगारला.

मग तो तसाच खाली घेतला, आणि पुढचा काटा धरला.