डाव्या दारापाशी झुकलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, थोराड, खडकाळ वाटा तुडवणारी गाडी आहे. दुरून पाहाल तर भारदस्त दिसते. जवळ आलात की पुढच्या डाव्या चाकाशी हात लावून बघा, कारण माझं सगळं दुखणं तिथेच होतं.

इतर गाड्यांना पोलादी स्प्रिंगा असतात. मला चारही चाकांवर हवा भरलेले जाड रबरी फुगे आहेत आणि पोटाखाली त्यांत हवा भरणारा पंप आहे. ओढा ओलांडताना मी उंच होते आणि कोणाला चढायचं-उतरायचं असलं की खाली बसते. त्यासाठी एक बटण आहे. तरुणपणी मला या बटणाची भारी ऐट होती.

माझे मालक डोंगरांतले खडक तपासायला जात आणि मालकीणबाई हौसेने बरोबर येत. पुढे बाईंचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मालक बटण दाबायचे आणि मी अलगद खाली बसायचे. बाई डाव्या सीटवर बसत म्हणायच्या, "अहो, जन्मात तुम्ही कधी माझ्यापुढे वाकला नाहीत. ही बिचारी तरी वाकते!"

"अगं, बटण कोण दाबतंय?" मालक म्हणायचे आणि दोघं हसत सुटायचे.

मग एका हिवाळ्यात बाई माझ्यातूनच इस्पितळात गेल्या. परत येताना माझी डावी सीट रिकामी होती. गाडी पोरकी होते असं म्हटलं तर लोक हसतील, पण मी झाले.

लेक दूरच्या गावी नांदत होती. घरात मालक एकटे आणि अंगणात मी एकटी. रोज संध्याकाळी भाजी घेऊन आले की ते मला दारात उभी करत आणि बटण दाबत. मी खाली बसे. ते वळसा घालून डावं दार उघडत, थोडा वेळ तसेच उभे राहत आणि दार लावून आत जात. मी रात्रभर तशीच बसून राही.

आणि मग मी आजारी पडू लागले. सकाळी माझा डावा खांदा जमिनीला टेकलेला असे. पंप धापा टाकत मला उचलू पाही, तापे आणि बंद पडे. समोर पिवळा दिवा लागे.

गॅरेजच्या मिस्त्रींनी मला संगणक जोडला. तो म्हणाला पंप दमलाय, म्हणून पंप बदलला. पुन्हा खचले, तेव्हा हवेच्या झडपा बदलल्या. तिसऱ्या वेळी उंची मोजणारा सेन्सर बदलला. फुग्यांवर साबणाचं पाणी फवारून पाहिलं, पण एक बुडबुडा येईल तर शपथ. गॅरेजात आठवडाभर मी ताठ उभी असे आणि घरी गेले की दुसऱ्या सकाळी लोळण घेई. मला कुठे दुखतंय ते मला ठाऊक होतं, पण गाडीला तोंड कुठे असतं?

शेवटी लेकीचा फोन आला. "बाबा, पुरे झाले हिचे लाड. कधी आडवाटेला बंद पडली तर तुम्ही काय करणार? रविवारी एक माणूस घेऊन येते. तो सुटे भाग काढून विकतो."

दुसऱ्या दिवशी मालक मला गॅरेजात घेऊन गेले. मिस्त्रींनी हात टेकले होते.

"काका, राग मानू नका. माझ्याकडे ही ठणठणीत असते. घरी तुम्ही हिला करता तरी काय?"

मालक किल्लीशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "खाली बसवतो. तुझ्या काकूला चढता येत नसे ना. आता ती नाही, माहीत आहे मला. तरी रोज बसवतो."

मिस्त्री हसले नाहीत. "मग आत्ता बसवा," ते एवढंच म्हणाले.

मालकांनी बटण दाबलं. मी खाली बसले. मिस्त्री आडवे होऊन चाकाशी शिरले, साबणाचं पाणी फवारलं आणि ओरडले, "सापडला चोर! फुग्याच्या घडीत भेग आहे. ही उभी असली की मिटते आणि बसली की उघडते. मी शहाणा, दर वेळी उभीच तपासत बसलो!" मग कपडे झटकत म्हणाले, "बटण दाबायचं सोडलंत, तर हाच फुगा अजून खूप चालेल, काका."

"नको," मालक म्हणाले. "फुगा बदला. बटण मला लागतं."

रविवारी लेक त्या माणसाला घेऊन आली. मी दारात खाली बसलेली होते, पण चारी चाकांवर सारखी. मालकांनी डावं दार उघडलं. लेक आत बसली. सीट आईने पुढे ओढून ठेवलेली, तिचे गुडघे आपटले. मागे सरकवायला तिने हात घातला आणि तसाच काढून घेतला. बराच वेळ ती रडत बसली. मग त्या माणसाला म्हणाली, "दादा, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. गाडी द्यायची नाही."

संध्याकाळी ती गेली. आता पुन्हा आम्ही दोघंच आहोत आणि सीट रिकामीच आहे. पण सकाळी मी माझ्या पायांवर उठते.

मित्रांनो, एखादं जुनं यंत्र किंवा जुनं माणूस पुन्हा पुन्हा खचू लागलं, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. ते कोणासाठी वाकत होतं, एवढं आधी विचारा.